पायगुडे सरांचा आवाज

मी आज चार माणसांत उभा राहून बोलू शकतो, ते दत्तात्रय ज्ञानोबा पायगुडे यांच्यामुळे. आईवडिलांनी मला वाढवलं, कॉलेजने पदवी दिली, पण तोंड उघडायला पायगुडे सरांनी शिकवलं. ते शिक्षक नव्हते. पुण्यात सातारा रस्त्यावरच्या एका शोरूममध्ये ते मोटारी विकायचे आणि स्वतः दहावी नापास होते. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण तेही पहिल्या भेटीतच सांगून टाकायचे.

मी विदर्भातल्या नांदुऱ्याचा. बाबा तिथल्या जिनिंग मिलमध्ये कापसाच्या गासड्या, म्हणजे मोठाले गठ्ठे, उचलायचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. बी.कॉम. होऊन पुण्यात आलो आणि त्या शोरूममध्ये लागलो, तेव्हा मला दोन गोष्टींची भीती होती, इंग्रजीची आणि पुण्याच्या मराठीची. सहा महिने तात्पुरती नोकरी होती. सहा महिन्यांत ठरलेल्या गाड्या विकल्या तर कायम, नाही तर घरी. बाबांच्या कमरेचा मणका तेव्हाच सरकलेला होता, पण मी कायम होईपर्यंत गासड्या उचलणं त्यांना भागच होतं.

पहिल्या दिवशी मॅनेजरने मला एका टेबलापाशी नेऊन उभं केलं. टेबलामागे पन्नाशीचा, उंच, सावळा माणूस बसलेला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, समोर कोमट पाण्याचा थर्मास. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "अहो तायडे, या. बसा."

मी मागे वळून बघितलं. मला वाटलं माझ्यामागे कुणी मोठा माणूस उभा आहे. माझ्या बाबांना घराबाहेर कुणी अहो म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, मला तर नव्हतंच. सर मात्र सगळ्यांना अहो म्हणायचे. मॅनेजरला, गाड्या धुणाऱ्या बबनला, फरशी पुसणाऱ्या मावशींना. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "अरे म्हटलं की आवाज आपोआप वर चढतो. अहो म्हटलं की खाली येतो. मला खालचा परवडतो."

त्यांचा आवाज कसा होता, हे लिहून सांगणं अवघड आहे. जाड होता, पण जड नव्हता. आपल्याशी बोलताना वाटायचं, या माणसाला आज दुसरं काही काम नाही. शोरूममध्ये बाकीचे सगळे काचेवर आदळल्यासारखे मोठ्याने बोलायचे. सरांच्या टेबलापाशी गिऱ्हाईक पुढे वाकून बसायचं.

हा आवाज त्यांनी कमावला होता स्वारगेटला. खडकवासल्याच्या पुढे त्यांचं गाव. दहावी नापास झाल्यावर ते स्वारगेटच्या चौकात खाजगी जीपसाठी प्रवासी गोळा करायचे. दिवसभर ओरडायचं, 'सातारा, सातारा, चला सातारा'. बारा जण ओरडणारे. "पहिल्या वर्षी घसा फाटला," ते सांगायचे. "डॉक्टर म्हणाला, पंधरा दिवस बोलायचं नाही. पंधरा दिवस बिनपगारी कोण बसणार? मग मी काय केलं, एकेका माणसाजवळ जाऊन हळूच विचारायला लागलो. 'आपल्याला कुठं जायचंय?' तर माझी जीप आधी भरायला लागली. ओरडलं की माणूस पळतं, तायडे. विचारलं की थांबतं."

त्याच दिवसांतून त्यांची एक सवय आली होती. समोरच्याचं बोलून झालं की ते लगेच बोलायचे नाहीत. मनात तीन थांबे म्हणायचे, स्वारगेट, पद्मावती, कात्रज. मगच तोंड उघडायचे. "बहुतेक माणसांचं खरं वाक्य पद्मावतीला येतं," ते म्हणायचे. "आधीचं सगळं शिष्टाचार असतो. आपण स्वारगेटलाच बोललो तर खरं वाक्य राहून जातं."

मला त्यांनी शिकवलं ते बंद गाडीत. पहिल्या आठवड्यात मी एका गिऱ्हाइकाला धडाधडा सगळं सांगितलं होतं. मायलेज, एअरबॅगा, वॉरंटी, सगळं पाठ. गिऱ्हाईक "बघू" म्हणून निघून गेलं. सरांनी मला मांडून ठेवलेल्या गाडीत नेलं, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसवलं, स्वतः मागे बसले, चारही काचा वर केल्या.

"बोला आता तेच."

मी बोललो. माझाच आवाज मला कानात कुणी कोंबल्यासारखा वाटला.

"कसं वाटलं?"

"लय जोरात झालं सर."

"जोरात नाही. गाडीत आपण माणसाच्या कानाशी बसतो. कानाशी भाषण करतात का? कानाशी काय करतात?"

माझी आई लहानपणी ताप आला की कानाशी काहीतरी बोलायची, ते आठवलं. तसं सांगितलं.

"हां," सर म्हणाले. "तेवढ्याच आवाजात बोला. आणि ते तुमचं बोलणं बदलू नका. 'मले' म्हणालात तरी चालेल. गिऱ्हाईक भाषेला घाबरत नाही, घाईला घाबरतं. फक्त वाक्याचा शेवट गिळू नका. शेवटी क्रियापद असतं. तेच गिळलं तर गाडी आहे की नाही, हेच कळत नाही."

महिनाभर रोज सकाळी शोरूम उघडायच्या आधी वीस मिनिटं आम्ही त्या बंद गाडीत बसायचो. बबन गाडी पुसता पुसता काचेतून बघून हसायचा. कॉलेजच्या तीन वर्षांत मला कुणी इतका वेळ दिला नव्हता.

सर गाड्यांचे दोष लपवायचे नाहीत. एकदा एरंडवण्याहून एक निवृत्त प्राध्यापक आले, हातात प्रश्नांची यादी. तासभर प्रश्न विचारून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "गुण कळले. आता एखादा दोषही सांगा. का तो घरी गेल्यावर आमचा आम्ही शोधायचा?"

सर शांतपणे म्हणाले, "मागच्या सीटवर तिघं बसले की मधल्याला उरलेल्या दोघांचा राग येतो."

प्राध्यापक तोवर हसले नव्हते, ते तेव्हा हसले. "आणि?"

"आणि आपल्याला रागाचा त्रास असेल तर ही घेऊ नका. पुढची बघू या."

त्यांनी तीच घेतली. पुढे दर दिवाळीला सरांना त्यांचा फोन यायचा, 'मधला अजून रागावलेला आहे' एवढंच सांगायला.

पण सरांचा एक नियम होता, आणि तो शोरूममध्ये कुणालाच आवडायचा नाही. घरातलं एक जरी माणूस नको म्हणालं, तरी ते विक्री सोडायचे. गाडीचं माहितीपत्रक मिटून ड्रॉवरमध्ये ठेवायचे, चहा मागवायचे आणि त्या लोकांना त्यांच्या रिक्षापर्यंत सोडायला जायचे. एकदा एक तरुण नवरा खुर्चीच्या काठावर बसून सही करायला तयार होता. बायको फक्त "बघू या ना नंतर" म्हणाली. सरांनी पत्रक मिटलं. ते जोडपं गेल्यावर मॅनेजर आम्हा दोघांना आत बोलावून सरांवर ओरडला, "पायगुडे, ती नाही म्हणाली नव्हती! बघू म्हणाली होती!"

"साहेब, पुण्यात नाही कुणी म्हणत नाही. बघू म्हणतात."

"दोन वाक्यं बोलला असतात तरी झालं असतं."

"झालं असतं," सर म्हणाले. "म्हणून तर नाही बोललो."

मी बाहेर आल्यावर विचारलं, असं का? ते थर्मासचं झाकण फिरवत म्हणाले, "मोटार ही घरात येणारी वस्तू आहे तायडे. ज्याला नको असते तो रोज सकाळी तिच्याकडे बघतो. आणि मला माझा आवाज माहीत आहे. त्यानं माणूस हलतं. म्हणून कुठं थांबायचं ते मीच ठरवून ठेवलंय. दुसरं कोण ठरवणार?"

हा नियम त्यांनी मला माहीत असलेल्या काळात एकदाच मोडला. माझ्यासाठी मोडला.

माझे सहा महिने संपत आले होते आणि एक गाडी कमी पडत होती. शेवटच्या आठवड्यात आगाशे नावाचं एक वयस्कर जोडपं आलं. सहकारनगरला राहायचे. आजोबा सत्तरी ओलांडलेले, सरकारी खात्यातून निवृत्त. त्यांना क्लच नसलेली, ऑटोमॅटिक गाडी हवी होती. आजींना नको होती. आजी, म्हणजे सुलभाताई, ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, हातात कापडी पिशवी. मी आजोबांना गाडी दाखवली, सरांनी त्यांना आत बसवून सगळं समजावलं. सगळं झाल्यावर सरांनी आजींना विचारलं, "आपल्याला कशी वाटली?"

"छान आहे," आजी म्हणाल्या. "तुमच्याकडेच राहू द्या."

सरसुद्धा हसले. पत्रक ड्रॉवरमध्ये गेलं.

दोन दिवसांनी मी त्यांना फोन केला. आजींनीच उचलला. "अहो, एकदा सांगितलं ना. परत परत विचारल्यानं उत्तर बदलायला ही काय परीक्षा आहे?" तिसऱ्या दिवशी आजोबांचा फोन आला. मंडळींचा नकार आहे, क्षमस्व. झाले तीन नकार.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी मॅनेजर येऊन माझ्यासमोरच सरांना म्हणाला, "तुमचा शिष्य उद्यापासून नाही." मी जेवणाचा डबा उघडलाच नव्हता. सरांनी त्या डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग खुर्ची मागे सारून उभे राहिले. फोन करताना ते नेहमी उभे राहायचे, एक हात टेबलावर ठेवून. बसून बोललं की पोटातून आवाज येत नाही म्हणायचे.

"आगाशे यांचा नंबर द्या."

मी शेजारीच बसलो होतो. ते गाडीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. आधी तब्येत विचारली. मग विचारलं, "ताई, बऱ्याच वर्षांत जायचं राहिलंय असं एखादं ठिकाण आहे का हो?" पलीकडून आजींचं बोलणं मलाही ऐकू येत होतं. वाईला त्यांची धाकटी बहीण होती. गुडघ्यांमुळे एस.टी.ची पायरी चढवत नव्हती. चार वर्षं भेट नव्हती.

"चार वर्षं," सर म्हणाले. मग ते हळू आवाजात, अगदी कानाशी बोलावं तसं म्हणाले, "त्याही आता तुमच्याच वयाच्या असतील. वाट बघत असतील."

मग ते थांबले. स्वारगेट. पद्मावती. कात्रज. मीसुद्धा मनात म्हणत होतो.

"बरं," आजी म्हणाल्या. "येतो आम्ही."

त्याच संध्याकाळी दोघं आले आणि गाडी नोंदवून गेले. मी कायम झालो. नांदुऱ्याला फोन केला तेव्हा आई रडली आणि बाबांनी पुढच्या महिन्यात जिनिंगचं काम सोडलं. त्या आनंदात मी सरांचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं, पण त्यांचा चेहरा फुललेला नव्हता. "तायडे, आज मी पत्रक परत बाहेर काढलं," एवढंच म्हणाले. आठ दिवसांनी गाडी न्यायला आगाशे आले, चाकाशी नारळ फुटला, आजींनी सरांच्या हातावर पेढा ठेवला. तेव्हा काढलेल्या फोटोत सर काठावर उभे आहेत.

मला त्यांच्यासाठी काहीतरी करायचं होतं. आमच्या शोरूमचे सगळे फोन प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड व्हायचे, आणि सगळ्या शाखांतून वर्षातला सर्वांत चांगला फोन निवडून त्या माणसाचा सत्कार व्हायचा. सरांनी कधी नाव दिलं नव्हतं. मी त्यांना न सांगता अर्ज भरला आणि आगाशे आजींशी झालेला तो फोन पाठवून दिला. कृतज्ञता म्हणून. मला त्याहून मोठं काही सुचलं नाही.

अडीच-तीन महिन्यांनी सकाळी आमच्या वर्कशॉपचा सुपरवायझर कागद घेऊन सरांच्या टेबलापाशी आला. "पायगुडे, तुमची गाडी आलीय. आगाशे. विम्याचं काम आहे. फार काही नाही, मागचा बंपर आणि एक दिवा." मग आवाज खाली करून म्हणाला, "बाई गेल्या."

सोसायटीच्या पार्किंगमध्ये आजोबा गाडी मागे घेत होते. आजी भिंतीपाशी उभ्या राहून हाताने "या, या" करत होत्या. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय पडला.

आम्ही दोघं भेटायला गेलो. आजोबा दारातच आरामखुर्चीत बसलेले होते. त्यांनी आम्हाला ओळखलं. उठायला लागले, सरांनी खांद्यावर हात ठेवून बसवलं. ते आमच्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "चहा घ्याल ना? साखर कुठे असते ते मला अजून सापडत नाही, पण घ्या." मग सरांकडे बघून म्हणाले, "तुम्हीच ना फोन केलेला? ती म्हणाली होती. म्हणाली, त्या माणसाचा आवाज असा आहे की नाही म्हणवत नाही."

सरांनी हात जोडले. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता. खाली ती भिंत होती. नव्याने रंगवलेली.

त्यानंतर सर शोरूममध्ये यायचे, पण बोलायला सुरुवात केली की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला थांबायचे. समोरचं गिऱ्हाईक वाट बघत बसायचं. किंवा मध्येच विचारायचे, "घरात कुणी नको म्हणत नाही ना? नक्की? विचारून या." माणसं उठून जायची. मॅनेजर म्हणाला, "काय झालंय तुम्हाला?" सर म्हणाले, "आवाज बसलाय." त्याने खरोखर घशाच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरने लिहून दिलं, घशात काही दोष नाही.

मी समजूत घालायचा प्रयत्न केला. "सर, तुम्ही मुद्दाम नाही केलं."

"मुद्दामच केलं," ते म्हणाले. "माझ्या तोंडातून शब्द चुकून कधी गेलाय, तायडे? एकेक मोजून टाकला मी. ती बाई तीनदा नको म्हणाली होती. मी तिच्या बहिणीला मध्ये घातलं."

आणि अशात निकाल आला. वर्षातला सर्वोत्तम फोन, दत्तात्रय पायगुडे. मी अर्ज भरल्याचं विसरूनच गेलो होतो. मॅनेजरकडे धावत गेलो, म्हणालो हे मागे घ्या. तो म्हणाला, "फोनचा आणि अपघाताचा काय संबंध? तेवढीच त्यांना उभारी येईल." मला वाटलं, एक शाल देतील, एक ढाल देतील, संपेल. सरांना मी काही सांगितलं नाही. मॅनेजर त्यांना गाडीत घालूनच कार्यक्रमाला घेऊन आला.

एका हॉटेलचं सभागृह. सगळ्या शाखांची दोन-अडीचशे माणसं. प्रशिक्षण देणारा तरुण व्यासपीठावर आला, म्हणाला, "आता आपण मास्टर ऐकणार आहोत," आणि भोंग्यांतून आवाज आला.

"हॅलो. मी सौ. आगाशे बोलतेय."

सर माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसले होते. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. सबंध फोन ऐकवला. बहीण, वाई, गुडघे, चार वर्षं. 'वाट बघत असतील' झाल्यावर त्या तरुणाने रेकॉर्डिंग चालू ठेवून हात वर केला. सभागृहात शांतता. तो बोटांवर मोजत होता. "सात!" तो ओरडला. "सात सेकंद हा माणूस गप्प बसलाय! आपल्यापैकी कोण दोन सेकंद बसतं? ऐका आता, कस्टमर स्वतः काय म्हणतो."

"बरं," सुलभाताई म्हणाल्या. "येतो आम्ही."

टाळ्या पडल्या. माणसं उभी राहिली. सरही उभे राहिले. सगळ्यांना वाटलं ते व्यासपीठाकडे येताहेत, म्हणून लोकांनी वाट करून दिली. त्या वाटेने ते दाराकडे गेले. बाहेर पडेपर्यंत टाळ्या चालू होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओळखपत्र आणि शोरूमचा फोन मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. मावशींना, बबनला नमस्कार केला. मी समोर जाऊन उभा राहिलो. "अर्ज मी भरला होता सर."

ते थांबले. तीन थांबे होऊन गेले, पाच झाले. माझ्या खांद्यावर एकदा हात ठेवला आणि गेले.

पुढे मला बढती मिळाली. नव्याने लागणाऱ्या मुलामुलींना मीच शिकवतो. बंद गाडीत बसवून शिकवतो. फोन केला तर सर उचलत नव्हते. दीड वर्ष गेलं. गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी मी दुचाकी काढली आणि खडकवासल्याच्या पुढे त्यांच्या गावी गेलो.

रविवारी तिकडे शहरातून माणसं फिरायला येतात, आणि रस्त्यालगतच्या जागांवर गावातली मंडळी गाड्या लावू देतात. सरांच्या भावाची तशी एक जागा होती. दाराशी छत्रीखाली एक बाई चिठ्ठ्या देत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं.

"तायडे व्हय?" त्या म्हणाल्या. "वाटलंच मला. नांदुऱ्याचं ना तुम्ही? लई सांगायचे तुमचं. आधी." त्या पायगुडे काकू होत्या. "ते बघा तिकडं हायेत. घरात बी बोलत न्हाईत वो. हाय, न्हाय, एवढंच. नातीनं गोष्ट सांगा म्हटलं तरी उठून जात्यात. तुमच्याशी बोलत्यात का बघा बरं."

सर उन्हात उभे होते. पांढरा शर्ट होता, पण इस्त्री नव्हती. हातात लाल फडकं. तोंडाने एक शब्द न काढता ते फडक्याने गाड्या जागी लावत होते. एक मोठी गाडी आली. गाडी मागे घ्यायची होती म्हणून एक बाई उतरून मागे उभ्या राहिल्या आणि हात हलवायला लागल्या, "ये, ये, अजून ये." सर जवळजवळ पळत गेले. त्या बाईंपुढे दोन्ही हात जोडले आणि मानेने बाजूला व्हायची खूण केली. त्या गोंधळून झाडाखाली गेल्या. मग सर स्वतः त्या जागी उभे राहिले. गाडी मागे येत राहिली. त्यांनी फडकं खाली केलं तेव्हा बंपर त्यांच्या गुडघ्यांपासून वीतभर होता. ते मागे सरकले नाहीत.

मला बघून त्यांनी दुचाकी कुठे लावायची ते दाखवलं. मी जवळ गेलो. मग तेच म्हणाले, आणि तो आवाज अजून तसाच होता, "बाबांनी गासड्या सोडल्या ना?"

"सोडल्या सर. केव्हाच."

"बरं झालं," ते म्हणाले. मागे तीन गाड्या येऊन थांबल्या होत्या. ते तिकडे गेले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं. समोरासमोर सगळं बोलायचं मी ठरवलं होतं, पण समोर मी त्यांच्याच पद्धतीने बोललो असतो, योग्य ठिकाणी थांबलो असतो, आणि त्यांनी मला क्षमा केली असती. म्हणून पत्र लिहिलं. वर मी जे सांगितलं त्यातली एक गोष्ट मी गाळली आहे. ती या पत्रात आहे. पत्र पोचल्याची पोच टपालातून आली. उत्तर आलेलं नाही.

आदरणीय पायगुडे सर,

सविनय नमस्कार.

रविवारी आपली गाठ पडली, पण आपण कामात होता आणि माझी हिंमत झाली नाही. जे सांगायला आलो होतो ते लिहितो.

आगाशे आजी-आजोबा पहिल्यांदा शोरूममध्ये आले, तेव्हा आपण आजोबांना गाडीत बसवून गियर समजावत होता. त्या वेळी आजी माझ्या टेबलापाशी पाणी प्यायला आल्या. त्या मला म्हणाल्या, "तुमच्या साहेबांना जरा बाजूला घेऊन सांगाल का? ह्यांच्यासमोर मला बोलता येत नाही. ह्यांचा उजवा पाय हल्ली बधिर होतो. पायातली चप्पल निघाली तरी कळत नाही. डॉक्टरांनाही सांगत नाहीत. मी नको म्हणते ते त्यासाठी." मी म्हणालो, "हो आजी, सांगतो."

मी सांगितलं नाही. एक गाडी कमी पडत होती. मला वाटलं, आज नको, उद्या सांगू.

शेवटच्या दिवशी नंबर फिरवण्याआधी आपण मला विचारलं होतं, "तायडे, बाई नको का म्हणतात, काही कळलं का?" मी म्हणालो, "काही नाही सर, वयामुळे उगाच भीती." आपण माझ्यावर विश्वास ठेवला.

सर, मी तो फोन आता इतक्यांदा ऐकला आहे की मला त्यातला श्वासही पाठ आहे. ते सात सेकंद आजी बहिणीचा विचार करत होत्या, असं सगळ्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. आपण पायाबद्दल काही विचाराल, म्हणून त्या वाट बघत होत्या. आपण विचारलं नाही. तेव्हा त्यांना वाटलं असेल, या माणसाला सगळं सांगितलेलं आहे, आणि ते माहीत असूनही हा चालेल म्हणतोय, तर चालत असेल.

तो फोन शिकवणीतून काढून टाका, असा अर्ज मी तीनदा केला. काढला नाही. दुसऱ्या शहरांतही ऐकवतात. मला राजीनामा द्यायला हवा होता. तोही मी दिलेला नाही. घरी अजून माझ्याच पगारावर चालतं. हे कारण आहे, समर्थन नाही.

आजोबांना मी हे सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही, ते मला ठरवता येत नाही. त्यांना वाटतं त्यांच्या पायाचं कुणालाच माहीत नव्हतं.

आपण म्हणालात, ती बाई तीनदा नको म्हणाली आणि आपण ऐकलं नाही. ते खरं नाही, सर. तीनदा नाही. त्याआधी त्या एकदा कारणासकट नको म्हणाल्या होत्या. मला म्हणाल्या होत्या.

आपला,
निलेश तायडे